ओट्याचं पाणी नेमकं कुठे मुरतंय?

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्याला एका वाचक ताईंचा ४२० चौरस फुटांचा वन बीएचके आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं १३,५०० रुपये. सात वर्षं राहिलेलं कुटुंब गेल्या महिन्यात गेलं. स्वयंपाकघरात साडेआठ फूट लांब आणि दोन फूट रुंद असा जुना कडप्प्याचा सरळ ओटा आहे. त्यावर जागोजागी पांढरे चट्टे पडलेत, सिंकच्या कोपऱ्यातून पुढच्या कडेपर्यंत तडा गेलाय, सिंकखालच्या ट्रॉलीचं प्लाय फुगलंय आणि भिंतीलगतचा सांधा काळा पडलाय. ताईंनी अनामत रकमेतून ६,००० रुपये कापले. ते लोक भांडले नाहीत. पण निघताना त्या घरातल्या बाई एवढंच म्हणाल्या, ‘आम्ही रोज पुसत होतो हो.’ ते ताईंच्या मनात राहिलंय. आता जुना ओटा तोडून काळा ग्रॅनाइट टाकायचे २७,००० आणि पांढऱ्या क्वार्ट्झचे ४६,००० असे दर आलेत. एजंट म्हणतो, पांढरा ओटा टाका, हजार रुपये भाडं वाढेल. यजमान म्हणतात, भाडेकरू कसंही वापरतात, स्वस्तात स्वस्त टाक. शेजारी टाइल्स सुचवतात. नवे भाडेकरू तीन आठवड्यांनी येणार आहेत. ताई विचारतात : टिकेल असं काय टाकू, आणि ओट्याबद्दल करारात कोणती अट घालू?

उत्तर :

ताई, तुम्ही ओट्याचे चार दोष लिहिलेत. त्यातला पांढऱ्या चट्ट्यांचा एकच दोष दगडाचा आहे. तडा, फुगलेलं प्लाय आणि काळा सांधा हे तिन्ही पाण्याचे आणि आधाराचे दोष आहेत. ते तसेच ठेवून वर कुठलाही दगड बसवलात, तरी काही वर्षांनी हेच पत्र तुम्हाला पुन्हा लिहावं लागेल. म्हणून ‘कोणता दगड’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि पाणी कुठे मुरतंय ते आधी पाहू.

पण त्याआधी ते चट्टे, कारण तुमच्या मनातली सल त्यांच्याशी जोडलेली आहे. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो म्हणून त्याचं हे नाव. चुनखडी आणि आंबट यांचं जमत नाही. घरी एक प्रयोग करून पाहा. अर्धं लिंबू कापलेल्या बाजूने ओट्याच्या एखाद्या चांगल्या, काळ्याभोर जागेवर पालथं ठेवा आणि तासाभराने उचला. जागा पुसून कोरडी केलीत की पांढरट गोल दिसेल. त्यावरून बोट फिरवा : भोवतालचा दगड गुळगुळीत आणि तो गोल किंचित खरबरीत लागेल. म्हणजे वर काही चिकटलेलं नाही, तिथलं पॉलिशच विरघळलंय. असा चट्टा घासून जात नाही. जात नाही म्हणून कुणी बाथरूमचं ॲसिड ओतलं तर आणखी मोठा भाग पांढरा होतो. चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी, टोमॅटो, ताक यांपैकी काही ना काही आपल्या स्वयंपाकात रोज सांडतंच. सात वर्षांत कडप्पा पांढरा पडणं ही वापराची झीज आहे, आणि रोज पुसूनही ती थांबत नाही. त्या बाई खरंच बोलत होत्या.

आता तडा. सिंकसाठी दगड कापताना ग्राइंडरची गोल पाती कोपऱ्यावर नेमकी थांबत नाही, थोडी पुढे जाते. कोपऱ्यात एक बारीक चर राहतो. कोपरा काटकोनात कापलेला असेल तर सगळा ताण त्या टोकावर येतो. सिंकच्या पुढे दगडाची तीन-चार इंचांची पट्टीच उरलेली असते, तिच्यावर कुणी भरलेली कळशी टेकवली, कडेवर नारळ आपटला, की तडा त्या चरातूनच सुरू होतो. टॉर्च घेऊन खालून बघा. तडा बरोबर कोपऱ्यातून निघाला असेल आणि खाली जवळपास उभा आधार नसेल, तर ती चूक ओटा बसवला त्या दिवशीची आहे.

ट्रॉली का फुगली? ओट्यावर सांडलेलं पाणी पुढच्या गोल कडेवरून खाली येतं, दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून आत सरकतं आणि प्लायच्या उघड्या कडेत शिरतं. हे अडवायला ओट्याच्या पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला लांबीभर एक खाच मारायची असते, साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) रुंद आणि तेवढीच खोल. पाणी खाचेपाशी येऊन थेंब होऊन खाली पडतं, आत जात नाही. हे काही मिनिटांचं काम आहे, पण सांगितलं नाही तर बहुतेक मिस्त्री करत नाहीत. दुसरं कारण सिंकची कड : सिंक दगडाला फक्त चिकटवलेला असेल तर भांड्यांच्या वजनाने हळूहळू सुटतो आणि फटीतून पाणी झिरपतं. काळ्या सांध्याचंही तसंच. तिथे पांढरं सिमेंट भरलेलं असणार. ओटा आणि भिंत वेगवेगळी हलतात, सिमेंटला केसाएवढी चीर पडते, तिच्यात तेलकट पाणी बसतं आणि बुरशी धरते.

यजमानांचं ‘भाडेकरू कसंही वापरतात’ हे वाक्य आता जरा तपासून पाहू. ओट्यावर भाकरीची परात आपटते, कुकर उतरवून ठेवतात, मिक्सर थरथरतो, फोडणीची कढई घाईत खाली टेकते. हे तुमच्या घरीही होतं. फरक एवढाच की आपल्या घरात तडा दिसल्या दिवशी माणूस बोलावतो, भाड्याच्या घरात तो सांगायला कोणी धजत नाही, अनामत कापतील म्हणून. तेव्हा भाड्याच्या घराला असा ओटा हवा, जो कुणी जपला नाही तरी चालेल. ‘स्वस्तात स्वस्त’ हा त्यामुळे चुकीचा निकष ठरतो आणि ‘दिसायला भारी’ हाही.

क्वार्ट्झ मी इथे सुचवणार नाही. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाची भुकटी असते आणि ती राळेने, म्हणजे प्लास्टिकसारख्या रेझिनने, बांधलेली असते. दगड उष्णता सोसतो, राळ सोसत नाही. गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर तिथे पिवळट डाग पडतो आणि तो कायमचा राहतो. पांढऱ्यावर ओली हळद रात्रभर राहिली तरी तोच त्रास. स्वतःच्या घरात लाकडी पाट ठेवून निभतं, भाडेकरूंना तुम्ही किती सांगणार? शिवाय हिशेब मांडा. ग्रॅनाइटपेक्षा १९,००० जास्त जाणार. एजंट म्हणतो तशी भाडेवाढ मिळालीच, तर १९ महिन्यांनी फक्त बरोबरी होते. आणि ती मिळणार का, हे त्याच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका. तुमच्याच इमारतीत काळ्या ओट्याचे वन बीएचके सध्या कितीला जातात ते दोन ठिकाणी विचारा. या बजेटमध्ये भाडेकरू घर बघताना पाण्याची वेळ, पार्किंग आणि बाथरूम बघतात. ओट्याकडे त्यांचं लक्ष जातं ते तो फुटका किंवा कळकट दिसला तर.

क्वार्ट्झबाबत आणखी एक गोष्ट लिहितोच, कारण ती कापणाऱ्या माणसाच्या जिवाची आहे. या कृत्रिम दगडात सिलिका फार असते आणि कोरडा कापला की तिची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी असते, पण असते. म्हणून दगड कुठलाही घ्या, सिंकचं भोक आणि कडा दुकानातच, पाणी सोडत कापून घ्या. तिसऱ्या मजल्यावर बंद स्वयंपाकघरात कोरडा ग्राइंडर चालवू देऊ नका. अगदीच शेवटचं काही घासायचं राहिलं, तर माणसाला चांगला मास्क द्या आणि शेजारी एकाने बाटलीने पाणी सोडत राहावं.

छोट्या टाइल्स नकोत. दर फुटावर सांधा, सांध्यात हळद आणि पीठ. एपॉक्सी भरलं तर सांधे टिकतात, पण कुकर आपटून फुटलेली एक टाइल तशीच दुसरी मिळेपर्यंत बाजारातून गेलेली असते. १५ मिलिमीटर जाडीचे मोठे पोर्सेलिनचे स्लॅब आता मिळतात. डाग आणि उष्णता दोन्ही सोसतात, पण कडेचा टवका उडतो आणि सिंकचं भोक पाडताना फुटण्याची भीती असते. कापण्याची सवय असलेला कारागीर असेल तरच त्या वाटेला जा. संगमरवर हाही चुनखडीचाच भाऊ, त्याचा विचारही नको.

उरतो ग्रॅनाइट, आणि माझा कौल त्यालाच आहे. पण तुम्हाला दिलेला २७,००० चा दर ‘तोडून नवा’ असा आहे. तोडायलाच हवा का? जुना कडप्पा भक्कम असेल तर त्याच्यावरच ग्रॅनाइट बसतो. तोडफोड वाचते, भिंतीच्या डॅडो टाइल्स फुटत नाहीत, राडारोडा तीन मजले उतरवावा लागत नाही. ते ठरवायला एक रुपयाचं नाणं घेऊन ओट्यावर वीतभर अंतराने ठोकत जा. भरीव ‘टक’ आला तर ठीक. पोकळ ‘ढब’ आला तर तिथे खालचा सिमेंटचा मसाला सुटलाय. मग ओट्याच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन बघा, हलता कामा नये. आणि उंची मोजा. वर १८ मिलिमीटरचा दगड आणि खालचा चिकटवण्याचा थर मिळून साधारण इंचभर वाढ होते. आताची उंची ३२ ते ३३ इंच असेल तर उत्तम. आधीच ३४ इंच असेल, तर ३५ वर पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागतात, तिथे जुना काढलेलाच बरा. खिडकीची चौकट आणि ओट्यालगतचा प्लगही वाढलेल्या इंचात अडकत नाही ना, ते पाहा.

तुमच्याकडे सिंकजवळ तडा आहे. तो झाकून वरून दगड लावला तर खालची हालचाल वर उमटते. म्हणून सिंकच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या कडप्प्यांमधला तेवढाच तुकडा काढून नवा टाका. तिथे उभा आधारच नसेल तर सिंकच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक उभा कडप्पा बसवून घ्या. बाकीच्या ओट्यालाही दोन-अडीच फुटांवर आधार हवाच.

दगड निवडायला दुकानात स्वतः जा. मोठ्या रुंद लाद्या महाग पडतात. ‘कटर साइज’ म्हणून दोन ते तीन फूट रुंदीच्या लाद्या मिळतात, त्या स्वस्त असतात आणि ओट्याला तेवढीच रुंदी लागते. रंग गडद घ्या, पण आरशासारखा सपाट काळा नको. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार त्याच्यावर पांढरे दिसतात. स्टील ग्रेसारखा बारीक दाण्याचा करडा दगड पाणी, पीठ, बोटांचे ठसे सगळं पोटात घेतो. लेदर फिनिश दिसतं छान, पण खळग्यांत तेल बसतं. भाड्याच्या घरात पॉलिशच बरं.

दुकानदारासमोर तीन गोष्टी करा, चांगला दुकानदार नाराज होत नाही. पांढऱ्या फडक्याला नेलपॉलिश रिमूव्हर लावून पॉलिशवर घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, वर्षभरात फिका पडेल. दुसरं, चमचाभर पाणी पंधरा मिनिटं ठेवून पुसा. ओला डाग बराच वेळ राहिला तर तो दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. तिसरं सगळ्यांत उपयोगाचं : पूर्ण लादी ओल्या फडक्याने पुसून वाळताना बघत उभ्या राहा. सगळीकडचं पाणी उडतं, पण केसासारखी चीर असेल तिथे काळी रेघ शेवटपर्यंत ओली दिसते. अशी लादी दुकानातच सोडून या. जाडी कडेला पट्टी लावून मोजा, १८ सांगून १५ मिलिमीटर दिली जाते. मागे जाळी चिकटवलेली लादीही टाळा : दगड कच्चा असल्यामुळे ती लावलेली असते आणि तिच्यावर चिकटवणीही नीट धरत नाही.

साडेआठ फूट बाय दोन फूट म्हणजे १७ चौरस फूट. १८ मिलिमीटर जाडीला एवढ्या दगडाचं वजन ७५ ते ८० किलो भरतं. जिन्याच्या वळणावर तो अख्खा तुकडा उभा फिरेल का, ते आधी सुतळीने मोजून घ्या. फिरत नसेल तर दोन तुकडे करावे लागतील. सांधा लहान दिसावा म्हणून काही मिस्त्री तो सिंकच्या भोकावर घेतात. तिथे नको, ती सगळ्यांत ओली आणि सगळ्यांत कमजोर जागा. सांधा सिंक आणि शेगडी यांच्या मध्ये, बरोबर एखाद्या उभ्या कडप्प्याच्या डोक्यावर येऊ द्या आणि दगडाच्या रंगाच्या एपॉक्सीने भरा.

बसवताना काय बिघडतं ते सांगतो. कडप्प्यावर वर्षानुवर्षांचं तेल आहे. त्याच्यावर नुसती सिमेंटची राबडी ओतून दगड ठेवला तर तो धरत नाही, खाली पोकळी राहते आणि पुढे त्याच जागी खलबत्ता आपटला की तडकतो. आधी वॉशिंग सोड्याच्या गरम पाण्याने ओटा घासून काढा, वाळवा, मग छिन्नीने सगळीकडे चरे पाडून घ्या. सिमेंटऐवजी दगडावर दगड धरणारं पॉलिमरचं टाइल ॲडहेसिव्ह वापरा. २० किलोची एक गोणी १७ चौरस फुटांना पुरते. ते दातेरी थापीने सगळीकडे पसरलं पाहिजे, चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून नव्हे. उतार सिंककडे, सगळ्या लांबीत मिळून दोन ते तीन सूत. जास्त दिला तर तव्यातलं तेल एका बाजूला जातं आणि बाई रोज वैतागते. पुढची पट्टी जुन्या कडप्प्याची कड झाकेल एवढी, दोनेक इंच खाली, आणि तिच्या खाली ती खाच.

सिंकच्या भोकाचे चारही कोपरे गोल हवेत : आधी कोपऱ्यात ड्रिलने भोक, मग दोन भोकांमध्ये सरळ काप. पुढे-मागे किमान ३ इंच दगड उरला पाहिजे. सिंक दगडाला लटकवू नका. खाली दोन्ही उभ्या कडप्प्यांवर टेकलेल्या स्टेनलेसच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड अँगलवर बसवा, म्हणजे उद्या बदलायचा झाला तर ओटा न फोडता खाली उतरतो. सिंकखाली पुन्हा प्लाय घालू नका. ती जागा उघडी ठेवून ॲल्युमिनियमचं दार लावलं तरी पुरे, गळती निदान दिसते तरी. शेगडीसाठीही भोक पाडू नका, हॉब बसवायचा मोह टाळा. प्रत्येक भाडेकरू आपली शेगडी घेऊन येतो आणि रिकामं भोक कुणाच्याच कामाचं नाही. गॅसच्या नळीपुरतं दीड इंचाचं भोक घ्या, त्याची कड घासून गुळगुळीत करा नाहीतर नळी कापते. सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी हवी, कारण गळलेला गॅस जड असतो आणि खाली साचतो.

भिंतीचा सांधा खरवडून पूर्ण कोरडा करा आणि न्यूट्रल सिलिकॉन भरा, बुरशीरोधक. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दगडाला चालत नाही. एक नळी तुमच्या तिन्ही कडांना पुरून उरेल. भरल्यावर २४ तास पाणी लावायचं नाही. दगड बसल्यावरही एक दिवस वर काही ठेवू नये. दुकानातली कापणी धरून हे सगळं आठवड्याभरात होतं, तुमचे तीन आठवडे भरपूर आहेत.

दर मागताना आकडा एकगठ्ठा घेऊ नका. दगड चौरस फुटाला किती, कडेचं मोल्डिंग रनिंग फुटाला किती, सिंकचा काप, बसवण्याची मजुरी, तीन जिने चढवण्याची हमाली, असं सुटं लिहून घ्या. दगड फुटला तर तो कोणाचा, हेही त्याच कागदावर.

ज्यांचा ओटा चार-पाच फुटांचाच आहे आणि तडा नाही, त्यांनी एवढं करायचं कारण नाही. कडप्प्याला मशीनने पॉलिश मारून घ्या, सांध्यात सिलिकॉन भरा, महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवा. पांढरेपणा दबतो, जात नाही. पण घर चालतं. स्वतः भाड्याने राहणाऱ्यांनीही ओट्यावर खर्च करू नये, तडा दिसला की फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावा.

आणि करारातली अट. ‘ओटा खराब झाल्यास भरपाई’ असं मोघम लिहू नका, त्यातूनच पुढची कटुता येते. चावी देताना ओट्याचे, सिंकखालचे आणि सांध्याचे फोटो दोघांनी मिळून काढा आणि तारीख घालून कराराला जोडा. आपटून फुटलेला किंवा टवका उडालेला दगड भाडेकरूचा खर्च. रंग, पॉलिश, सांधे, सिंकची गळती हा मालकाचा खर्च, असं स्पष्ट लिहा. गळती दिसल्यापासून आठ दिवसांत कळवायचं आणि कळवल्याबद्दल काही कापलं जाणार नाही, हेही लिहा. सिलिकॉन दोन-तीन वर्षांनी एकदा तुम्हीच बदलून द्या, त्या निमित्ताने सिंकखाली नजर जाते.

याच नियमाने जुन्या भाडेकरूंचा हिशेब लावून बघा. चट्टे झिजेचे, सांधा सिमेंटमुळे, ट्रॉली खाच नसल्यामुळे, तडा कापलेल्या कोपऱ्यातून. टॉर्चच्या उजेडात तडा तिथूनच निघालेला दिसला आणि खाली आधार नसला, तर ते ६,००० रुपये त्यांचे आहेत. त्यांचा नंबर तुमच्याकडे असेलच. पैसे पाठवा आणि त्या बाईंना फोन करून कारणही सांगा : ओटा पांढरा पडला तो दगडामुळे, पुसण्यात काही कमी नव्हतं.